अप्पांचा ठिपका

मेमरी कार्डाचं नवं पाकीट फोडलं की मडिवाळप्पा हत्तुरे आधी त्याचा वास घ्यायचे.

डाळिंबं घेताना वरचं फळ उचलायचे नाहीत. हात थेट क्रेटच्या तळाशी घालायचे.

चहा अर्धाच प्यायचे. उरलेला गटारात ओतायचे. कुणाला विचारायचे नाहीत.

गिऱ्हाईक आलं की "काय पाहिजे?" म्हणायचे नाहीत. "कशात घालणार?" म्हणायचे.

पेन ड्राइव्हला कांडी म्हणायचे. त्यांच्या आईनं जन्मभर मागवाल्या विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. लेकाच्या तोंडात तोच शब्द राहिला.

फोन कायम स्पीकरवर. हॅलो नाही. "बोल बे." पलीकडं बँकेचा मॅनेजर असला तरी.

आणि सकाळी शटर उघडायच्या आधी रस्त्यापलीकडच्या सयाजीच्या दुकानाकडं तोंड करून एक पिंक टाकायचे. संध्याकाळी शटर ओढलं की दुसरी.

हे सगळं अंकितानं मुद्दाम कधी टिपलं नाही. चार वर्षं पाठीमागच्या टेबलावर बसून ते आपोआप गोळा झालं. सोलापूरच्या नवी पेठेतला गाळा दहा बाय बाराचा. पुढचा भाग अप्पांचा, मागचा कोपरा तिचा. ती कुंभारी गावची. मराठीत एम.ए. झाली, नोकरी मिळाली नाही, मग लग्नपत्रिका आणि बायोडेटा टाइप करायचं काम धरलं. जागा मागायला आली तेव्हा अप्पांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं.

"शिक्षण?"

"एम.ए. मराठी."

"म्हणजे काहीच येत नाही. बस तिकडं. पंखा तीनच्या वर न्यायचा नाही."

एवढ्यावर ओळख झाली. मैत्री कधी झाली ते सांगता येणार नाही. अप्पा तिच्याशी रोज भांडायचे. ज्या दिवशी ती यायची नाही त्या दिवशी घरी फोन करून भांडायचे.

दुकानात पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. दुसरं काही नाही. चार्जर नाही, कव्हर नाही, इअरफोन नाही. घेणारे लोक ठरलेले. ट्रॅक्टरवर गाणी वाजवणारे, लग्नाचे फोटोग्राफर आणि टॉवेल-चादरीचे कारखानदार. कारखान्यातल्या नव्या मागाला नक्षी पेन ड्राइव्हमधून द्यावी लागते. बारा वर्षांपूर्वी अप्पांनी विकलेल्या एका कांडीत नक्षी अर्धीच उतरली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत शंभर टॉवेलांवर अर्धा मोर विणून झाला. कारखान्याचा मालक ते टॉवेल घेऊन आला, भर पेठेत अप्पांच्या काउंटरवर एकेक करून पसरले आणि म्हणाला, "घ्या. तोंड पुसा."

त्या दिवसापासून अप्पा भरून बघितल्याशिवाय माल देईनात.

बाजारात खोटा माल चिक्कार. वर छापलेलं चौसष्ट जीबी, आत जागा आठाची. संगणकसुद्धा फसतो. तो चौसष्टच दाखवतो. आठ भरले की पुढचं आत उतरतच नाही. त्या फाइलींची नावं दिसत राहतात, उघडत एकही नाही. काठोकाठ भरून परत वाचून बघितल्याशिवाय हे कळत नाही. अप्पा प्रत्येक कार्ड भरायचे, प्रत्येक कार्ड वाचायचे. जे खरं निघेल त्याच्या कोपऱ्यावर बायकोच्या, महादेवीकाकूंच्या, नेलपेंटचा एक ठिपका. तांबडा, मोहरीएवढा.

अक्कलकोटपासून मंगळवेढ्यापर्यंतचे फोटोग्राफर कंपनीचं नाव विचारायचे नाहीत. "ठिपक्याचं द्या," म्हणायचे.

वेळ लागायचा. मोठ्या कार्डाला अडीच तास. कुणी कुरकुरलं की अप्पांचा हात रस्त्याकडं जायचा.

"घाई असली तर समोर जा. तिकडं टोपलीत मिळतंय, मेथीसारखं."

समोर सयाजी. मोडनिंबचा, पस्तिशीचा, अंगानं आडवा. दारातच प्लास्टिकच्या टोपल्या मांडायचा आणि टोपल्यांत कार्डं. अप्पांपेक्षा चाळीस रुपये कमी. त्याचा माल खोटा आहे असं अप्पा सगळ्या पेठेला सांगायचे. सयाजी अप्पांना परीक्षा मंडळ म्हणायचा.

"काय परीक्षा मंडळ, निकाल कधी हाय?" तो तिकडून ओरडायचा.

"तू नापास हायस. जा घरी."

"घरी जाऊन काय करू? तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडं उभारलंय की!"

मधला रस्ता वीस फुटांचा. चार वर्षांत दोघांपैकी एकानंही तो ओलांडला नव्हता.

अप्पांना माल द्यायचा सिद्धराम. तरुणपणी दोघांनी एका हातगाडीवर कॅसेटी विकल्या होत्या. पुढं सिद्धराम पुण्याला गेला आणि एका कंपनीचा वितरक झाला. सोलापूर, धाराशिव, लातूर त्याच्याकडं. एकोणीस वर्षं नवा माल आला की पहिला खोका अप्पांचा. पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं यायचा. खोक्याला पिवळी चिकटपट्टी, वर मार्करनं कानडी अक्षरांत 'अप्पा'. महिन्यातून एकदा सिद्धराम स्वतः यायचा, काकूंच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचा. दोघं कानडीतून गावाकडच्या माणसांची उणीदुणी काढायचे. अप्पा हसायचे ते तेवढंच.

तरी अप्पा त्याचाही माल भरून बघायचे. त्याच्यासमोरच.

गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं वितरकांना आकडे ठरवून दिले. इतका माल उचललाच पाहिजे. अप्पा महिन्यात जेवढा भरून होईल तेवढाच घ्यायचे. सयाजी त्यांच्या सहापट उचलायचा. फेब्रुवारीत सिद्धराम आला तो आधी समोर शिरला. तासभर बसला. सयाजीनं त्याला शहाळं पाजलं. सगळी पेठ बघत होती. मग तो इकडं आला. अप्पांनी मान वळवली नाही.

"कंपनीचा अधिकृत बोर्ड सयाजीला जातोय, अप्पा," सिद्धराम म्हणाला.

"जाऊ दे की. मला कशाला सांगतोयस?"

"तुला माल मिळंल. पण त्याच्याकडनं घ्यावा लागंल."

अप्पांनी काउंटरवरचा अर्धा चहा उचलला आणि सिद्धरामच्या बुटांपाशी ओतला.

"एकोणीस वर्षं भाकरी कुणाची खाल्लीस रे? त्याची?"

"भाकरीचं काढू नको. मी कंपनीला काय सांगू? माझा माणूस दिवसभर कांड्या भरत बसतोय म्हणून? तू माल विकतोस का परीक्षा घेतोस?"

"साक," अप्पा म्हणाले. "साक, सिद्धराम. ऊठ."

कानडीतलं हे 'पुरे' ते फक्त घरच्या माणसांना म्हणायचे. सिद्धराम उठला आणि गेला.

पुढचे दोन महिने दुकानात माल नव्हता. माल तपासायचे चार संगणक बंद. अप्पा स्टुलावर बसून समोरच्या टोपल्यांकडं बघत राहायचे. कुणी आलं की संपलंय म्हणायचे. समोर जा असं म्हणायचं त्यांनी बंद केलं, कारण लोक न सांगताच जात होते.

एप्रिलच्या सुरुवातीला फोटोग्राफर मंडळी आली. महिन्यात एक मोठा मुहूर्त होता. चाळीस जणांनी मिळून मागणी केली. प्रत्येकाला पाच, एकूण दोनशे कार्डं, एकशे अठ्ठावीस जीबीची. मंगळवेढ्याचा गुरु त्यांचा पुढारी.

"आमाला टोपलीतलं नको, अप्पा. लग्न एकदाच लागतंय. ठिपक्याचंच पायजे," तो म्हणाला. "पण न्हाय म्हणालात तर समोर जावं लागंल. आन एकदा तिकडं गेलो की परत इकडं यायचं तोंड ऱ्हाणार न्हाय."

ही दोनशे कार्डं दिली नाहीत तर दुकान संपलं, हे मागच्या टेबलावर अंकितालाही कळलं.

"देतो," अप्पा म्हणाले. देणार कुठून हे त्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. "बोल बे." पलीकडं सिद्धराम.

"पेठेतनं कळलं मला. दोनशे पायजेत न्हवं? तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवतो. समोरच्याला कळू देऊ नको."

 अप्पांनी फोन ठेवला आणि सयाजीच्या दुकानाकडं बघून हसले. दोन महिन्यांनी अंकितानं त्यांचे दात बघितले.

खोका यायला उशीर झाला. मुहूर्ताला दोन दिवस राहिले तेव्हा आला. पिवळी चिकटपट्टी, कानडी अक्षरं. अप्पांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. पट्टी फाडली. वरच्या थरातली सोळा कार्डं काढली आणि यंत्रांना लावली. पाकिटाचा वास त्यांनी घेतला नाही. अंकिताच्या ते लक्षात आलं. बोलावं असं मात्र तिला वाटलं नाही.

सोळाच्या सोळा खरी निघाली. तोवर दुपार झाली होती. एका वेळी आठच लागायची. दोनशे भरायला पाच दिवस हवे होते. दारात फोटोग्राफर ताटकळत होते. कुणाला अक्कलकोटची गाडी गाठायची होती, कुणाला मंगळवेढ्याची.

समोरून सयाजी ओरडला, "परीक्षा मंडळ! निकाल आज लावताय का वऱ्हाड परतल्यावर?"

दारातली माणसं हसली. अप्पांचीच गिऱ्हाइकं.

अप्पांनी खोका उचलला आणि अंकिताच्या टेबलावर आणून ठेवला. शेजारी नेलपेंटची बाटली ठेवली.

"लाव."

"बाकीची भरायची नाहीत?"

"सिद्धरामचा माल हाय."

"आजवर त्यांचाच होता. तरी भरत होता तुम्ही."

"तू एम.ए. हायस ना? मग एम.ए.सारखी बस. ठिपके लाव."

तिनं लावले. अप्पा लावतही होते आणि दारात मोजून देतही होते.  शंभराच्या वर ठिपके तिच्या हातचे.

तासाभरात खोका रिकामा झाला. माणसं गाड्या गाठायला पळाली. अप्पा दारात उभे राहिले, सयाजीकडं तोंड करून, कपातला चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मुहूर्त गेला. तिसऱ्या दिवशी गुरु आला. बरोबर तिघं. त्यानं लॅपटॉप काउंटरवर आपटला.

"बघा."

हळद होती. देवकार्य होतं. नवरदेव घोड्यावर बसताना होता. त्यापुढं नुसती नावं. कशावरही बोट ठेवलं तरी काळा चौकोन.

"अक्षता कुटं हायत अप्पा?" गुरु म्हणाला. "पाठवणी कुटं हाय? पोरीचा बाप सकाळधरनं माझ्या दारात बसलाय. त्याला काय दाखवू? तुमचा ठिपका दाखवू?"

अप्पांनी हात पुढं केला. गुरुकडं एक न वापरलेलं कार्ड होतं. ते त्यांनी यंत्राला लावलं आणि भरायला सुरुवात केली. अडीच तास. चौघं दारात उभे राहून शिव्या देत होते. अप्पांच्या आईचा उद्धार झाला, काकूंच्या नेलपेंटचा झाला. अप्पा पडद्याकडं बघत बसले. वाचायची वेळ आली तेव्हा सोळा जीबीपर्यंत सगळं जुळलं. सोळाच्या पुढं एकही ओळ जुळली नाही.

"वरचा थर खरा होता," अप्पा म्हणाले.

डाळिंबाच्या क्रेटच्या तळाशी हात घालणारा माणूस खोक्याच्या वरच्या थरावर गेला होता.

गुरुनं आपली पाची कार्डं उचलली, रस्ता ओलांडला आणि सयाजीच्या टोपलीत फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीच्या दाराला लिंबू-मिरची नव्हती. त्या जागी काळ्या दोऱ्यात ओवलेली ठिपक्याची पाच कार्डं लटकत होती. खाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'येथे बिनठिपक्याचा माल मिळेल.'

अप्पांनी सिद्धरामला फोन लावला. स्पीकरवरच.

"सगळी खोटी हायत."

"कळलं मला."  सिद्धराम म्हणाला, "कंपनीचा माल समोरच्यानं सगळा उचललेला, अप्पा. माझ्याकडं काय उरलं नव्हतं. तुला न्हाय म्हणवलं न्हाय. मुंबईच्या एकाकडनं घेतली. त्यानं मलाबी खरी म्हणूनच दिली."

"पट्टी तुझी. अक्षर तुझं."

"आन ठिपका कुणाचा?"

अप्पांनी नेलपेंटची बाटली मागं सरकवली.

"मी म्हणालो होतो का, न बघता लाव म्हणून? बारा वर्षं माझा माल माझ्यासमोर तपासलास. चोरासारखा. मला राग यायचा त्याचा, कधी बोललो न्हाय. आन ह्याच वेळी कसा इस्वास बसला तुझा?"

अप्पांनी फोन तोडला नाही. हातात धरून बसले. सिद्धराम "अप्पा, अप्पा" करत राहिला. शेवटी त्यानंच ठेवला.

मग त्यांनी कागदावर चाळीस नावं लिहिली आणि एकेकाला फोन लावायला घेतले. कार्ड वापरू नका, परत द्या. ज्यांची लग्नं बुडाली होती त्यांनी आधी शिव्या दिल्या, मग नंबर ब्लॉक करून टाकला. पण बरेच जण असे होते ज्यांनी फोटोच काढले होते, व्हिडिओ नाही. त्यांचं कार्ड सोळाच्या पुढं भरलंच नव्हतं. त्यांना काहीच झालं नव्हतं. ती माणसं ऐकेनात. मोडनिंबचा कुंडलिक तर हसला.

"ठिपका हाय की अप्पा त्याच्यावर! कशाला घाबरवताय?"

"ठिपका मीच लावलाय. मीच सांगतोय, खोटं हाय."

"तुमचं समोरच्याशी वाजलंय, ते आलंय कानावर. ऱ्हाऊ द्या. आमचं झ्याक चाललंय."

कानावर काय आलं होतं तेही दोन दिवसांत कळलं. म्हातारा खरा माल परत गोळा करतोय आणि बदल्यात भुक्कड माल देणार आहे, असं सयाजीनं उठवलं होतं.

अप्पांनी फोन खाली ठेवला. "माझ्या तोंडापेक्षा ठिपक्यावर इस्वास हाय लोकांचा," ते म्हणाले. "मग ठिपकाच पुसतो."

पुसायचा आणि बदल्यात खरं कार्ड द्यायचं. खरी कार्डं सोलापुरात एकाच माणसाकडं होती.

अप्पांनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. अंकिता दारापर्यंत गेली. सयाजीनं त्यांना येताना बघितलं आणि खुर्चीतून उठला नाही.

"या की, परीक्षा मंडळ. चपला ऱ्हाऊ द्या, देऊळ न्हाय हे."

"एकशे अठ्ठावीसची दोनशे."

"ठिपका लावून देऊ का? बायकोचं नेलपेंट हाय घरात."

दुकानातली पोरं हसली.

"दोनशे," अप्पा म्हणाले.

"तुमाला रेट येगळा लागंल. जुन्या माणसाचा मान असतोय."

"लाव."

सयाजीचा चेहरा उतरला. त्याला घासाघीस हवी होती. त्यानं मोजून पिशवीत भरली, पिशवी टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. बाहेर पडताना लटकणारी कार्डं अप्पांच्या टाळूला लागली. ते थांबले. वर बघितलं. मग आले.

पुढचे पाच दिवस त्यांनी ती दोनशे कार्डं भरून बघितली. एकेक, काठोकाठ. जेवायलाही उठायचे नाहीत. पडद्याकडं अशा डोळ्यांनी बघायचे की अंकिताला आधी वाटलं, त्यांना काळजी आहे. नंतर कळलं. एक तरी खोटं निघावं म्हणून ते बसले होते.

एकही निघालं नाही.

"भडव्याचा माल खरा निघाला," अप्पा म्हणाले. त्या संध्याकाळची पिंक त्यांनी स्वतःच्याच उंबऱ्यावर टाकली.

"यांना ठिपका लावू?" अंकितानं विचारलं.

"हा माल त्याचा हाय. माझा ठिपका कशाला?"

मग एसटीच्या खेपा सुरू झाल्या. खांद्याला पिशवी. पिशवीत कार्डं, कापूस आणि नेलपेंट रिमूव्हरची बाटली. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. बाहेर बेचाळीस अंश ऊन. माणूस भेटला की कार्ड मागायचे, त्याच्यासमोर ठिपका पुसायचे, मग खोटं कार्ड दातांनी मोडायचे आणि खरं द्यायचे. कागदावरच्या त्या नावावर काट मारायचे. काही जण पाणी द्यायचे. बरेच जण द्यायचे नाहीत.

मंगळवेढ्याला अंकिता बरोबर गेली होती. गुरुनं त्यांना स्टुडिओच्या पायरीवर उभं ठेवलं आणि त्या पोरीच्या बापाला बोलावून घेतलं. तो आला. फार ओरडला नाही.

"एकच लेक हाय मला," तो म्हणाला. "तुमी तिच्या अक्षता पुसल्या. आता हितं काय पुसायला आलाय?"

अप्पांनी गुरुपुढं पाच नवी कार्डं ठेवली. गुरुनं ती घेतली.

"आन माझी जुनी? ती तर सयाजीच्या दाराला हायत," तो म्हणाला. "जावा, तितं जाऊन पुसा."

गुरुच्या नावावर अप्पांनी काट मारली नाही. भोवती गोल केला.

बुधवारी संध्याकाळी ते सांगोल्याहून परत आले. ओठ सुकलेले. अठ्ठावीस नावांवर काट होती. गुरुभोवती गोल. अकरा राहिली होती. गुरुवारी मोडनिंब. कुंडलिककडं रविवारी एका लग्नाचं काम होतं, तो तेच कार्ड घालणार होता.

"मी येते उद्या," अंकिता म्हणाली. "निम्मे ठिपके माझ्या हातचे आहेत."

"हात तुझा होता. ठिपका माझा होता. पत्रिका छाप गप."

"अप्पा, तुमची तब्येत बघा जरा."

"तुला कुणी डॉक्टर केलं? एम.ए. मराठी हायस तू. आन तो पंखा कमी कर. तीनच्या वर नेलायस."

ती रागावली. पंखा बंदच करून टाकला, पर्स उचलली आणि निघून गेली.

गुरुवारी सकाळी साडेसातला महादेवीकाकूंचा फोन आला. अप्पांनी पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा ओढला आणि उठलेच नाहीत. काकू एवढंच सांगत होत्या, परत परत. पट्टा ओढला. पट्टा ओढला.  अंकितानं विचारलं, "कुठल्या पायाचा?" काकूंनी उत्तर दिलं, "डाव्या."

मातीला पेठेतली माणसं आली. सिद्धराम पुण्याहून आला आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. काकूंनी आतून निरोप पाठवला, तिथूनच परत जा. तो ऊन उतरेपर्यंत तिथंच उभा होता. मग दिसला नाही.

सयाजीनं त्या दिवशी काळा दोरा काढून ठेवला होता. शुक्रवारी अंकिता दुकान उघडायला आली तेव्हा तो परत लटकत होता.

काकूंनी पिशवी पाठवून दिली होती. तिनं ती काउंटरवर उपडी केली. मोडनिंबसाठी बाजूला काढलेली पाच कार्डं, रबर लावून. कापूस. बाटली, टोपण सैल, तळाला थोडंसं उरलेलं. घडी घालून मऊ पडलेला कागद.

तिनं कुंडलिकला फोन लावला. अप्पा गेले, असं सांगितलं.

"अरारा," तो म्हणाला. "कधी? लई खरा माणूस, ताई. त्यांच्या ठिपक्यावर आमचा धंदा चालला."

"तुमच्याकडची पाच कार्डं खोटी आहेत. रविवारी घालू नका. अप्पा तेच सांगायला निघाले होते."

"समोरच्या दुकानातनं बोलताय का तुमी?"

"नाही. त्यांच्याच दुकानातून बोलतेय. मी अंकिता. ते ठिपके मी लावलेत."

"मेलेल्या माणसाच्या मालाला असं नाव ठेवू नये," कुंडलिक म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं परत लावला. त्यानं उचलला नाही.

कागदावर अकरा नावं उरली होती. कुंडलिकचं सगळ्यात वर. पेनाचं टोक टेकवल्याच्या खुणा त्याच्यावर दिसत होत्या. काट मारलेली नव्हती.